नवजात बाळ कायदेशीररीत्या सोपवायचं असेल तर: एका बहिणीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांची धाकटी बहीण वीस वर्षांची, अविवाहित. अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे आणि सिडकोत मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. तिला सातवा महिना लागलाय. तो मुलगा आता फोन उचलत नाही आणि आईवडिलांना अजून काही माहीत नाही. ताई विचारतात, बाळ झाल्यावर ते सरकारकडे देता येतं का? पोलीस केस होते का? गावात कळेल का? शिवाय ज्या खासगी दवाखान्यात दाखवलं, तिथल्या एका बाईंनी सांगितलंय की एक चांगलं घर आहे, ते सगळं बिल भरतील, तुम्ही फक्त कागदावर सही करा. तसं करावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात घाई आहे. ताई, नाही. कुठल्याही कागदावर सही करू नका, एक रुपयाही घेऊ नका. कारण पुढे सांगते.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला धीर देणारी आहेत. बाळ कायदेशीररीत्या सोपवता येतं. नीट मार्गाने सोपवलं तर तुमच्या बहिणीवर गुन्हा दाखल होत नाही. तिचं नाव गावात, पेपरात, कारखान्यात कुठेही जाऊ न देण्याची जबाबदारी कायद्याने यंत्रणेवर टाकली आहे. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वीसेक वर्षं वकिली करते, मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे आणि अशा बऱ्याच मुलींबरोबर बालकल्याण समितीसमोर बसले आहे. त्यातली जवळजवळ प्रत्येक मुलगी उशिरा आली, कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं की असं दार आहे. तुम्ही सातव्या महिन्यात विचारताय, म्हणजे आपल्या हातात वेळ आहे.

बाळ टाकणं आणि बाळ सोपवणं या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळ न सांभाळण्याच्या हेतूने उघड्यावर सोडून जाणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ खाली गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. त्यातून बाळ दगावलं तर प्रकरण सदोष मनुष्यवधाच्या किंवा खुनाच्या कलमापर्यंत जातं. सोपवण्यासाठी मात्र बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ३५ आहे. शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांमुळे, जी आपल्या हाताबाहेरची आहेत, आईवडिलांना बाळ सांभाळणं शक्य नसेल, तर त्यांनी ते बालकल्याण समितीपुढे आणावं, असं तिथे लिहिलंय. ‘सामाजिक’ हा शब्द कायद्यातच आहे, ताई. लोक काय म्हणतील या भीतीलाही कायद्याने कारण मानलंय. मुलींना हे सांगितलं की त्यांच्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरलेलं दिसतं, म्हणून मी ते पहिल्या भेटीतच सांगते.

ही समिती म्हणजे पोलीस ठाणं नव्हे आणि रूढ अर्थाने कोर्टही नव्हे. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला असावीच लागते. अधिकार मात्र तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे असतात. बहीण अर्ज करते. लिहिता येत नसेल किंवा सुचत नसेल तर समितीने विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलामार्फत तो करून द्यायचा असतो. मग समुपदेशन होतं, चौकशी होते. तिचा निर्णय तिचाच आहे आणि समजून घेतलेला आहे अशी समितीची खात्री झाली की सरेंडर डीडवर, म्हणजे समर्पणपत्रावर, समितीसमोर सही होते. लग्नाबाहेर जन्मलेलं बाळ फक्त आईच सोपवू शकते. त्या मुलाची सही लागत नाही, त्याला शोधत बसावं लागत नाही. अविवाहित आईची सही शक्यतो महिला सदस्यासमोर घ्यावी, असं दत्तक नियमावलीत आहे.

एकीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव आणि वय बदललंय. पेठ तालुक्यातली बावीस वर्षांची मुलगी, दिंडोरीकडे द्राक्षबागेत खुडणीला यायची. बाळ अकरा दिवसांचं होतं, जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलेलं, पायाला काळा दोरा. महिला सदस्यांनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. पहिला प्रश्न विचारला, “तुला इथं कुणी जबरदस्तीनं आणलंय का?” तिने नकारार्थी मान हलवली. मग मजकूर सावकाश वाचून दाखवला, दोनदा. तिला सही येत होती, पण पेन कागदावर टेकवून ती थांबली. ओढणी छातीशी घट्ट धरलेली होती. दूध आलं होतं आणि कुर्ता ओला झाला होता. सदस्यबाई म्हणाल्या, “आधी पाजून घे. सही कुठं पळून जात नाही.” ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. पाऊण तासाने सही झाली. उठताना तिने एवढंच विचारलं, “तिकडं थंडीत कानाला टोपी बांधतात ना?” डिसेंबर होता. नाशिकची थंडी कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे.

त्यानंतर सुरू होतात दोन महिने, आणि ते तुमच्या बहिणीचे आहेत. सही केली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. कायद्याने आईला फेरविचारासाठी दोन महिने दिलेत. त्या काळात बाळ विशेष दत्तक संस्थेत ठेवतात. आपल्या नाशिकमध्ये घारपुरे घाटावरचा आधाराश्रम पुष्कळांना ठाऊक आहे. चौकशी करून समिती बाळाला देखरेखीखाली आईकडेही राहू देऊ शकते. हा पर्याय फारसा कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. साठ दिवसांच्या आत आई परत आली तर बाळ परत मिळवण्याचा हक्क तिला आहे. एक मुलगी बावन्नाव्या दिवशी आली होती, आईला बरोबर घेऊन. ज्या आईला काही कळू नये म्हणून एवढा खटाटोप केला होता, तीच आई बाळाला कुशीत घेऊन रिक्षात बसली. साठ दिवस उलटले की मात्र निर्णय फिरवता येत नाही. मग समितीचे किमान तीन सदस्य मिळून बाळाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करतात आणि ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, यंत्रणेतून त्याला घर मिळतं. दत्तकाचा आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. नंतरच्या जन्मदाखल्यावर दत्तक आईवडिलांचीच नावं येतात.

हे साठ दिवस कॅलेंडरवर खूण करून मोजा. बहीण अंगावरचं दूध आटवण्याच्या धडपडीत असेल, कामावर परत जाण्याच्या चिंतेत असेल. तारखेचा हिशेब तिच्यावर टाकू नका.

आता पोलिसांचं. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये स्पष्ट परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, आहे. इतर कुठल्याही कायद्यात काहीही म्हटलेलं असलं, तरी टाकलेल्या किंवा सोपवलेल्या बाळाच्या चौकशीदरम्यान जन्मदात्या आईवडिलांवर एफआयआर नोंदवायचा नाही. कलम ७५ मध्ये मुलाला सोडून देण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तिथेही जोड आहे. जन्मदात्यांनी परिस्थिती हाताबाहेर गेल्यामुळे बाळ सोडलं असं आढळलं, तर ते जाणूनबुजून सोडलं नाही असं धरून चालायचं आणि ती शिक्षा लावायची नाही.

कागदावर हे इतकं सरळ आहे. प्रत्यक्षात, काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठाण्यात मी रात्री साडेनऊला पोचले, तेव्हा एकोणीस वर्षांची मुलगी बाकड्यावर बसलेली होती आणि फिर्याद लिहायला घेतली होती. तिने बाळ देवळाच्या पायरीवर ठेवलं होतं, पहाटे, काकड्याच्या वेळी, कुणीतरी लगेच बघेल म्हणून. बाळ सुखरूप होतं. मी पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं आणि ते परंतुक वाचून दाखवलं. साहेबांनी पुस्तक ओढून घेतलं, स्वतः दोनदा वाचलं, मग समितीला फोन लावला. गुन्हा नोंदला गेला नाही, पण बाहेर पडायला रात्रीचा एक वाजला. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला कलम माहीत नव्हतं इतकंच. सगळीकडे पुस्तक वाचून घेतलं जातंच असं नाही. कुठे गुन्हा आधी नोंदला जातो आणि मग वरच्या कोर्टात धावपळ करावी लागते. म्हणून मी सांगते, बाळ पायरीवर ठेवायची वेळच येऊ देऊ नका. संरक्षण दोन्हीकडे आहे, पण समितीसमोर सोपवणाऱ्या मुलीला ते मागावं लागत नाही.

अमेरिकेत अग्निशमन केंद्रात बाळ ठेवून निघून जाता येतं, असे व्हिडिओ पाहून काही जण विचारतात की आपल्याकडे तसं आहे का. तिथे १९९९ मध्ये टेक्सासने तसा पहिला कायदा केला आणि मग सगळ्या राज्यांनी केले. आपल्याकडे दत्तक संस्था आणि काही रुग्णालयं पाळणा ठेवतात. बाळ त्यात ठेवलं तर त्याचा जीव वाचतो, आणि वेळच आली तर कुठल्याही पायरीपेक्षा पाळणा हजार पटींनी बरा. पण पाळण्यातलं बाळ कागदावर ‘टाकलेलं’ धरलं जातं. मग आईवडिलांचा शोध घ्यावा लागतो, बाळाचा फोटो वर्तमानपत्रात द्यावा लागतो, पोलिसांचा अहवाल यावा लागतो. सोपवलेल्या बाळाबाबत नियम बरोबर उलटा आहे: कुठलीही जाहीर सूचना किंवा जाहिरात द्यायचीच नाही. नाव लपवण्यासाठी पाळण्याकडे जाणाऱ्या मुलीमागे शोध लागतो आणि समितीला नाव सांगणाऱ्या मुलीचं नाव झाकलेलं राहतं. हे लोकांना उलटं वाटतं, पण आहे असंच.

गुप्तता किती टिकते, हा तुमचा खरा प्रश्न आहे. सोपवणाऱ्या आईची आणि बाळाची खासगी माहिती जपणं समिती आणि संस्था या दोघांवर बंधनकारक आहे. बाळाची ओळख उघड होईल असं काही छापणं किंवा दाखवणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे. बाळ मोठं झाल्यावर, अठरानंतर, आपलं मूळ शोधण्यासाठी अर्ज करू शकतं. पण त्या हक्कापुढे जन्मदात्या आईचा खासगीपणाचा हक्क मोडत नाही. तिची तयारी नसेल तर तेवढंच त्या मुलाला सांगितलं जातं. चौकशीसाठी गावी कुणी येईल का, ही भीती मुलींना फार असते. अर्जाच्या वेळीच स्पष्ट सांगायचं, “घरी कळलेलं नाही, घरच्या पत्त्यावर पत्र किंवा माणूस पाठवू नका.” मी हे वाक्य अर्जात लिहूनच देते.

आता त्या दवाखान्यातल्या बाईंबद्दल. त्यांचा हेतू चांगला असेलही. मूल नसलेल्या जोडप्याची तडफड मी जवळून पाहिली आहे, त्यांना मी दोष देत नाही. पण बिल भरण्याच्या बदल्यात बाळ देणं म्हणजे कायद्याने बाळाची विक्री. कलम ८१ खाली विकणारा आणि घेणारा दोघांनाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. हे काम दवाखान्याच्या किंवा प्रसूतिगृहाच्या कर्मचाऱ्याने केलं तर शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षं. म्हणजे इतर मार्गाने पूर्ण सुरक्षित असलेली तुमची बहीण या एका सहीने आरोपी होते. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेला कागद दत्तक ठरत नाही. जन्माआधी लिहून घेतलेलं काहीच सरेंडर ठरत नाही, कारण बाळ समितीसमोर आणावंच लागतं. हिंदू दत्तक कायद्याखाली, १९५६ च्या, थेट दत्तक देण्याचा वेगळा मार्ग आहे. पण दत्तकाच्या बदल्यात पैसे घेणं-देणं त्यातही मना आहे. आणि अशा व्यवहारात बहिणीला फेरविचाराचे साठ दिवस मिळत नाहीत. तिसऱ्या दिवशी तिला बाळ हवंसं वाटलं तर ती कुणाकडे जाणार? बाळ कुठल्या गावी गेलं हेही तिला कळणार नाही.

ही गरज आपल्याकडे आजची नाही. ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावं आणि हवं तर बाळ तिथेच ठेवून जावं. काशीबाई नावाच्या अशाच एका बाईंचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. कलम ३५ शिकवताना मी नव्या वकिलांना आधी हे सांगते, मग कलम.

ताई, आता एक गोष्ट विचारते, रागावू नका. तुमच्या प्रश्नात “आम्हाला सांभाळता येणार नाही” असं आहे. ती काय म्हणते, हे त्यात नाही. समिती हे विचारणारच, आणि तुम्हाला खोलीबाहेर बसवून विचारेल. घरच्यांच्या दबावाने झालेली सही मला सगळ्यात जास्त छळते, कारण कागद बिनचूक असतो आणि मुलगी मात्र पुढे वर्षानुवर्षं झोपत नाही. तिला बाळ ठेवायचं असेल तर त्यालाही कायद्याचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलंय की अविवाहित आईला वडिलांचं नाव न देता पालकत्व मिळू शकतं आणि बाळाचा जन्मदाखला तिच्या प्रतिज्ञापत्रावर मिळायला हवा. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना महिन्याला २,२५० रुपये देते, तर मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वातून ४,००० मिळू शकतात. या रकमांत मूल वाढत नाही, हे मलाही कळतं. पण तिच्यासमोर दोन्ही दारं उघडी ठेवून मगच तिला निवडू द्या. तिने सोपवायचं ठरवलं तर ती वाईट आई ठरत नाही, आणि तसं तिला कुणी बोलू लागलं तर पुढे होऊन थांबवायचं काम तुमचं.

तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून दोन गोष्टी. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागतो आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. गुन्हा तिच्यावर नसतो, ती पीडित असते आणि बाळ सोपवण्याचा हक्क तिलाही असतो. तिच्या सहीला बरोबर आलेल्या प्रौढ व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. बाई विवाहित असेल तर नवराबायको दोघांच्या सह्या लागतात, नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला. नवरा बेपत्ता असेल तर बाळाची प्रक्रिया टाकलेल्या बाळासारखी चालते.

या आठवड्यात काय करायचं ते सांगते. आधी तपासणी. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये किंवा नाशिकरोडला सोयीचं असेल तर बिटको रुग्णालयात नाव घाला. केसपेपर करताना नवऱ्याचं नाव विचारतील; नाही म्हणून सांगायचं, तेवढ्यावरून तपासणी कुणी नाकारू शकत नाही. हिमोग्लोबिन बघून घ्या. पॅकिंगच्या कामाला उभ्या राहणाऱ्या मुलींचं ते बहुतेक कमीच निघतं. मग सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. बाईला मोफत वकील मिळतो, पगार किती हे विचारत नाहीत. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन केला तर समितीची बैठक कधी आणि कुठे तेही कळतं. खोलीवर राहणं अवघड झालं तर १८१ या महिला हेल्पलाइनवर महिलांच्या निवासाची चौकशी करा. बाळंतपण झाल्यावर दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना लगेच सांगा की बाळ समितीपुढे न्यायचंय. बैठक नसेल त्या दिवशीही बाळाला एका सदस्यासमोर हजर करता येतं. डिस्चार्जचा कागद, तिचं आधार कार्ड, आणि घरात मधुमेह, दमा, सिकलसेल असं काही असेल तर ते एका चिठ्ठीवर लिहून न्या. ती चिठ्ठी बाळाच्या फाईलला लागते, आणि पुढे एखादा डॉक्टर त्याच्या नव्या आईला “घरात कुणाला होतं का?” असं विचारेल, तेव्हा तिच्याकडे उत्तर असेल.

त्या दवाखान्यातल्या बाईंचा परत फोन आला तर भांडू नका. “आम्ही समितीकडे जातोय,” एवढं सांगा आणि ठेवून द्या.